श्यामच्या आईशेजारची पुस्तके

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. नाशिकच्या तुरुंगात तेहतीस वर्षांचा एक कैदी रात्री लिहावयास बसला. सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्याने लेखणी खाली ठेवली, तेव्हा मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एकाचा गाभा कागदावर उतरला होता. कैदी होते पांडुरंग सदाशिव साने, पुस्तक ‘श्यामची आई’.

हे पुस्तक ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. पण ठाऊक असणे आणि वाचलेले असणे यांत अंतर आहे. कुणाला त्यातला एखादा उतारा पाठ्यपुस्तकातून आठवतो, कुणाला शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालेली प्रत आठवते, कुणाला चित्रपटातील एखादे दृश्य. तळव्यांना माती लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनही तसेच जपायला सांगणारी आई, पाण्यास भिणाऱ्या मुलाला शिंपटीने बडवून पोहायला धाडणारी आई, एवढ्यावर बहुतेकांची स्मृती थांबते. पुढे वय वाढते, ‘रडवणारे पुस्तक’ असा शिक्का बसतो आणि प्रत माळ्यावर जाते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती माळ्यावरून खाली काढावी, आणि एकटी वाचू नये. तिच्या शेजारी आणखी चार-सहा पुस्तके ठेवावीत. काही साने गुरुजींचीच, काही त्याच काळातील, काही पुष्कळ नंतरची. मग जे दिसू लागते ते संस्काराच्या गोष्टींहून फार निराळे आहे. हा धागा त्या शेजारवाचनाविषयी.

प्रथम तुरुंग. १९३० च्या कायदेभंगात साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील नोकरी सोडली आणि त्यानंतर तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि ती प्रवचने उतरवून घेण्याचे काम गुरुजींनी केले. ‘गीताप्रवचने’ आज आपल्या हाती आहे ती त्यांच्या लेखणीमुळे. तेथून नाशिक. त्या वर्ष-दोन वर्षांत नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी तरुण मंडळी होती. मार्क्स, रशिया, शेतकरी, काँग्रेसचे पुढे काय, यांवर तेथे वाद झडत होते आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तेथेच आकारास आली. म्हणजे ज्या भिंतींच्या आत हिंदुस्थानातील समाजवादी राजकारणाचा एक प्रवाह जन्मत होता, त्याच भिंतींच्या आत कोकणातील एका कर्जबाजारी घराची कहाणी लिहिली जात होती. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही असे मानणे सोपे आहे. पुस्तक नीट वाचले की ते तितके सोपे राहत नाही.

पुस्तकाची रचना आठवावी. आश्रमात सायंकाळची प्रार्थना झाली की श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, एका रात्री एक. अशा बेचाळीस रात्री. हे आत्मचरित्र नव्हे आणि निव्वळ कादंबरीही नव्हे. ती सांगितलेली स्मृती आहे आणि म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने तिला नेहमीचाच प्रश्न विचारला पाहिजे: सांगणारा त्या वेळी कोठे होता?

उत्तर चकित करणारे आहे. बराच काळ तो तेथे नव्हताच. शिक्षणासाठी श्याम आधी दापोलीला गेला, मग औंधला, मग पुण्याला. आई १९१७ मध्ये गेली, तेव्हा शेवटची भेटही झाली नाही. घरावर जप्ती येते, आई अंथरुणास खिळते, अखेरचा श्वास घेते, हे वाचकाच्या डोळ्यांसमोर घडते. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते घडलेले नाही. त्याने ते इतरांकडून ऐकले, त्यात आपली कल्पना मिसळली आणि सोळा वर्षे मनात बाळगले. पुस्तकातील करुणरस ज्यांना अतिरेकी वाटतो त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. उशिरा पोहोचलेल्या मुलाने रचलेली ही साक्ष आहे. अश्रू आहेत ते प्रसंगाचे कमी आणि अनुपस्थितीचे जास्त.

आता घर. पालगड हे दापोली तालुक्यातील गाव. श्यामचे घराणे खोतांचे. आजच्या तरुण वाचकाला ‘खोत’ हे बहुधा केवळ आडनाव वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात खोत म्हणजे गावाचा सारा कुळांकडून गोळा करून सरकारात भरणारा आणि त्या व्यवहारात आपला वाटा राखणारा वतनदार. उभ्या पिकाचा अंदाज घेऊन, म्हणजे अभावणी करून, कुळाने किती भात घालायचे ते ठरे. अंदाज चढा बांधला गेला तर कुळाकडे दाद मागण्यास फारसे काही नसे. अनेक गावांत खोत कुळांकडून वेठही घेत. १८८० च्या खोती कायद्याने या पद्धतीस रीतसर चौकट दिली. ती मोडली नाही.

तर श्याम अशा घरातला मुलगा आहे. पण पुस्तक उघडते तेव्हा वैभव आजोबांच्या काळात जमा झालेले आहे. एकत्र कुटुंब फुटते, वाटण्या होतात, मोठे घर सुटते, आईच्या मानी आग्रहामुळे पर्णकुटी उभी राहते आणि कर्ज वाढत जाते. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसतो आणि वाटेल ते बोलतो. शेवटी गावात दवंडी पिटली जाते. त्या भागाचे शीर्षकच ‘अब्रूचे धिंडवडे’ असे आहे. कर्जावरील प्रकरणाचे शीर्षकही तितकेच उघडेवाघडे: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. लहानपणी हे भाग घाईने उलटले जातात, कारण त्यांत आई काही शिकवीत नाही, ती फक्त सोसते. वस्तुतः पुस्तकाचा उत्तरार्ध जवळजवळ पूर्णपणे पैशाविषयी आहे. तेल असले तर मीठ नाही, या हिशेबाविषयी. मराठी बालवाङ्मयात कर्जाचे इतके तपशीलवार वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण.

येथे पहिला शेजारी बोलवावा. तो पुस्तक नव्हे, विधेयक आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्याआधी, ज्या वर्षी ‘श्यामची आई’ लिहिली गेली त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण खोताला भात घातले नाही. तो संप पुढे काही वर्षे टिकला. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

भूगोलही बोलका आहे. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, म्हणजे दापोलीच्या शेजारच्या तालुक्यातले. एकाच मुलखातील दोन मुले, वयात आठ वर्षांचे अंतर. एकाला खोताचे घर आतून दिसले, मोडकळीस आलेले. दुसऱ्याने त्या घराची संस्थाच मोडण्याचा कायदा लिहिला. दोन्ही कागद एकत्र वाचले की श्यामच्या वडिलांची दैना खोटी ठरत नाही, पण तिच्यामागे उभी असलेली कुळे दिसू लागतात. पुस्तकात ती अधूनमधून डोकावतात. मथुरी ही घरातली कांडपीण त्यांपैकी एक. आई तिच्याशी मायेने वागते, आणि ही माया खरी आहे. मथुरीच्या घरी रात्री काय शिजत असे, हे मात्र श्यामच्या कथनाच्या कक्षेबाहेर राहते.

मोळीचा प्रसंग याहून अवघड. एक म्हातारी महार स्त्री लाकडाची मोळी घेऊन चालली आहे, मोळी खाली पडते, ती कुणी उचलून देत नाही. आई श्यामला सांगते: जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. शाळेत हा प्रसंग दयेचा धडा म्हणून शिकवला जातो आणि आंघोळीचे वाक्य अनेकदा हलक्या आवाजात वाचले जाते. ते मोठ्याने वाचले पाहिजे. कारण गुरुजींनी ते गाळलेले नाही. १९३३ मध्ये ते गाळणे त्यांना सहज शक्य होते. आईला काळाच्या पुढची बंडखोर करून टाकता आले असते. त्यांनी तिला आपल्या काळातच ठेवले: एक पाऊल उंबऱ्याबाहेर, दुसरे आत. लेखकाचा हा प्रामाणिकपणा पुस्तकाच्या इतर गुणांहून मोठा आहे.

आणि हे कोठे लिहिले जात होते? नाशकात. २ मार्च १९३० रोजी तेथेच काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष मंदिराच्या बंद दारांशी उभे राहिले, आणि तो लढा पुढे काही वर्षे चालू राहिला. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला होता. तुरुंगाबाहेरच्या शहरात दार उघडावे की नाही हा वाद पेटलेला असताना, आत एक मनुष्य आपल्या आईने दार किती उघडले होते ते आठवत होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला त्याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी दहा दिवस उपोषण केले आणि ते दार उघडले. मोळी उचलून दिल्यावरच्या त्या आंघोळीपासून पंढरपूरच्या उपोषणापर्यंत एका माणसाच्या आयुष्यात केवढे अंतर कापले गेले, हे ‘श्यामची आई’ एकटी वाचून कळत नाही.

मोळीची दुसरी बाजू हवी असेल तर उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ घ्यावे. २००३ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यापासून सुरू होते. डोक्यावर ओझी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका त्यात आहेत. त्या वाटेत थकतात, हसतात, भांडतात, शिव्या देतात, घरची उणीदुणी काढतात. श्यामला दिसलेली म्हातारी रस्त्याच्या कडेला एकटी आहे आणि मुकी आहे. ‘आयदान’मधील स्त्रिया कळपाने चालतात आणि बोलतात. लेखिकेची आई बुरुडकाम करून, सुपे-टोपल्या विणून मुलांना शिकवते. तीही मराठी साहित्यातील एक थोर आई आहे, परंतु तिच्या नावाने कोणी बक्षीस वाटत नाही.

सोवळ्याचा विषय निघालाच आहे, तर लक्ष्मीबाई टिळकांना टाळून पुढे जाता येणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आयुष्याच्या अखेरीस त्या नाशकातच होत्या आणि १९३६ मध्ये तेथेच वारल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक मूळचे दापोलीकडील करजगावचे. म्हणजे तोच काळ, तेच शहर आणि तोच कोकणी संदर्भ. पण स्वर पाहावा! श्यामच्या घरातील सोवळे मायेने माखलेले आहे. लक्ष्मीबाईंच्या माहेरचे सोवळे म्हणजे घरातल्या बायकांचा जाच. वडील मीठ-साखरसुद्धा धुवायला लावत आणि मुलगी पुढे ते सारे हसत हसत लिहून काढते. एकीकडे मुलगा आईविषयी लिहितो आहे आणि त्यात आई देवतेच्या जवळ जाते. दुसरीकडे बाई स्वतःविषयी लिहिते आहे आणि त्यात देवत्वाला जागाच नाही, रुसवा आहे, भूक आहे, नवऱ्यावरचा संताप आहे, विनोद आहे. ‘श्यामची आई’ वाचून झाल्यावर ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला एक प्रश्न छळू लागतो: श्यामच्या आईने स्वतः लिहिले असते तर?

तिने लिहिले नाही. परंतु हा प्रश्न गुरुजींनाही कोठेतरी छळत असावा, असे म्हणावयास आधार आहे. त्यांचे ‘स्त्रीजीवन’ हे दोन भागांतील काम आज फार थोडे लोक वाचतात. गुरुजींनी स्त्रियांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या, त्यांवर टिपणे लिहिली. जात्यावरच्या, पाळण्याजवळच्या, माहेर-सासरच्या, भावा-बहिणीच्या. ज्या मुलाने आईला आपल्या शब्दांत बोलते केले, त्याने पुढे असंख्य आयांचे त्यांचेच शब्द टिपून घेतले. साने गुरुजींच्या साऱ्या ग्रंथसंपदेत ‘श्यामची आई’चे खरे जोडपुस्तक कोणते, असे विचारले तर ‘स्त्रीजीवन’ हेच उत्तर द्यावे लागेल. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ ही पुस्तके कथानक पुढे नेतात. ‘स्त्रीजीवन’ तेच कथानक जात्याच्या पलीकडच्या बाजूने ऐकवते. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. त्यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली.

‘श्याम’ आणि त्यापुढचे भाग येथे थोडक्यात पाहणे पुरे. आईच्या नजरेआड गेलेला मुलगा त्यांत भेटतो: परक्या गावी हाताने स्वयंपाक करणारा, पुष्कळदा उपाशी राहणारा, मित्रांवर जीव टाकणारा. त्या पुस्तकांची घडण सैल आहे, हे मान्य करावे. मात्र ‘श्यामची पत्रे’ सोडू नये. त्यांत श्याम आठवणी सांगत नाही, एका तरुणाला राजकारणाविषयी लिहितो. नाशिकच्या तुरुंगातील ते वाद येथे मराठी मुलांच्या भाषेत उतरलेले दिसतात. आणि बालवाचकांसाठी ‘गोड गोष्टी’ मालिका आहे. तिच्यातील ‘मनूबाबा’ म्हणजे जॉर्ज एलियटचा विणकर सायलस मार्नर आणि ‘दुःखी’ म्हणजे ह्यूगोची महाकादंबरी. सावकारीने गांजलेल्या घरातला हा लेखक परक्या वाङ्मयातून मुलांसाठी काय उचलतो, तर सोने गमावलेला विणकर आणि भाकरी चोरणारा कैदी. निवड लक्षात घेण्यासारखी आहे.

चित्रपटाविषयी एवढेच. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये आला, वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाला आणि १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय पारितोषिकांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला लाभले. तोपर्यंत गुरुजी हयात नव्हते. ११ जून १९५० ला ते गेले. उत्तम चित्रपट, यात शंका नाही. पण आज ज्या ‘आई’ची आठवण काढली जाते ती पुष्कळ अंशी पडद्यावरची आहे. पुस्तकातली आई अधिक चिंतातुर, अधिक आजारी आणि अधिक हिशेबी आहे.

आता नाशिकहून पश्चिमेला निघावे. त्र्यंबकेश्वरावरून जव्हारला जाणारा रस्ता मोखाडा तालुक्यातून जातो. पोशेरा हे याच तालुक्यातील एक गाव. तालुक्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची वस्ती, म्हणजे लोकसंख्या बहुतांशी आदिवासी. आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पूर्वी ठाण्यात होता. ‘श्यामची आई’ लिहिली गेली त्या दशकात येथे राज्यकारभाराच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदत होत्या. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. ते १९४८ पर्यंत टिकले. मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील पेठा. १९३५ च्या कायद्यानुसार १९३६ साली ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांची यादी निघाली, तिच्यात मुंबई प्रांताच्या इतर काही भागांबरोबर मोखाडा पेठ्याचे नाव आहे. अंशतः वगळलेला, म्हणजे प्रांताचे कायदे जेथे राज्यपालाच्या मर्जीखेरीज जसेच्या तसे लागू होत नाहीत असा.

अशा प्रदेशांची पाहणी करून डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ मध्ये अहवाल दिला. सरकारी भाषेत लिहिलेला तो कागद आहे, रडवणारा मुळीच नाही. त्यात पावसाळ्यात पोट भरण्यासाठी सावकाराकडून घेतलेली धान्याची उसनवार, म्हणजे खावटी, आहे. वेठ आहे. आणि लग्नगडी आहे: लग्नाच्या खर्चासाठी कर्ज काढायचे आणि त्याच्या फेडीसाठी स्वतःला सावकाराच्या कामाला बांधून घ्यायचे, पुष्कळदा बायकोसकट. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात हीच माणसे नावागावानिशी, देहबोलीनिशी भेटतात, आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठ व लग्नगडी झुगारून दिल्याची हकीकत सांगतात. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुलांसाठी म्हणून ते लिहिलेले नाही, पण पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाने ‘श्यामची आई’ नंतर तेच हाती घ्यावे, असे निःसंकोच म्हणता येते.

कारण दोन्ही पुस्तकांत सावकार आहे. पालगडात तो जप्ती आणतो. भांडी जातात, घर जाते, अब्रू जाते. माणूस मात्र आपला आपल्याजवळ राहतो. मुलगा शाळेसाठी दूर जाऊ शकतो, शिकू शकतो, पुढे तुरुंगात बसून आईची गोष्ट लिहू शकतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत जप्त करण्याजोगे घरात काही नसे, म्हणून माणूसच तारण राही. श्यामच्या आईला जो नरक वाटला त्याच्याही खाली एक मजला होता, आणि तो मजला तिच्या मुलाच्या तुरुंगापासून फार दूर नव्हता.

भाषेचा प्रश्न वेगळा. ‘श्यामची आई’ची मराठी ही दापोलीकडच्या ब्राह्मणी घराची: सोवळे-ओवळे, व्रते, संकल्प, स्तोत्रे. पोशेऱ्यातल्या मुलाच्या घरी वारली किंवा कोकणा बोली असते. पुस्तकी मराठी त्याला प्रथम शाळेत भेटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्याचे मर्म हेच होते की शाळेने मुलाकडे जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती त्यातूनच. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे पुस्तक या दृष्टीने अवश्य चाळावे. गोष्टीची आई आणि शाळेतली बाई यांच्यात किती कष्टांचे अंतर असते ते त्यातून कळते.

पण भाषेची अडचण वाटते तितकी एकतर्फी नाही. काही पाने अशी आहेत की जी शहरातल्या मुलाला टीप दिल्यावाचून समजणार नाहीत आणि मोखाड्यातल्या मुलाला न सांगता समजतील. पत्रावळ लावणे म्हणजे काय, भात कांडणे म्हणजे काय, हिवतापाने माणूस कसा थरथरतो, पाऊस लांबला की गावाचे तोंड कसे उतरते, दारात वसुलीला आलेल्या माणसासमोर घरातली मोठी माणसे कशी लहान होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी हा इतिहास झाला आहे.

पोशेऱ्याच्या परिसरात तो अद्याप पुरता इतिहास झालेला नाही. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. हंगामाआधी घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची असते. मुले बरोबर जातात आणि पटावरची नावे तेवढी शाळेत राहतात. लग्नगडी गेला, उचल राहिली. ‘श्यामची आई’त दिवाळीचेही एक प्रकरण आहे. त्यात घरात पैसा नसताना सण साजरा होतो. भट्टीवर निघण्याची तयारी चाललेल्या घरातील मुलाने ते वाचले, तर त्याचे लक्ष आईने दिलेल्या शिकवणीकडे जाईल की सणाचा खर्च कोठून निघाला याकडे, हे सांगणे अवघड नाही.

म्हणून अशा वाचकाच्या हाती पुस्तक देताना सुरुवात पहिल्या रात्रीच्या वडाच्या फेऱ्यांपासून करण्याचे कारण नाही. ते उत्तरार्धापासून उघडावे, कर्जाच्या प्रकरणापासून, आणि मग हवे तर मागे जावे. शेजारी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असावे. आणि घरात एखादी आजी असेल, जिला जात्यावरची किंवा भात लावतानाची गाणी येत असतील, तर तिच्याजवळ एक वही घेऊन बसावे. ‘स्त्रीजीवन’चे दोन भाग अशाच रीतीने भरले होते.